रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांचा दत्तू

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही? रविवारच्या उपासनेत त्यांचे अभंग व पदे गाइली नाहीत अशी मंडळी आम्हांस तरी आढळलेली नाही. अक्षर न येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या भगिनींसही त्यांची पदे मुखोद्गत असतात. परंतु कवी टिळक व उपदेशक टिळक ह्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही बाप टिळक ह्यांच्याविषयी चार गोष्टी सांगणार आहो. ह्या मनुष्यास आपला एकुलता एक मुलगा सुमारे साडेचार वर्षे अंतरला होता, आणि तो त्यांस परत कसा लाभला, ही हकिकत ज्यांच्या घरात धर्मांतरामुळे ताटातूट झाली अशा वाचकांस विशेष जवळची वाटेल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव मोठे कडक व तापट होते. आई जानकीबाई मायाळू व काव्याची आवड असलेली होती. टिळक अकरा वर्षांच्या सुमाराचे असता ती निवर्तली, आणि घरात मन रमेना म्हणून हा मुलगा बाहेर पडला व पायी चालत नाशकास गेला. तेथे परक्या कुटुंबाच्या आश्रयाने राहून त्याने गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केले. वडिलांची माया म्हणजे काय हे ह्या मुलास फारसे कळले नाही असेच म्हणावे लागते. पुढे तो स्वतः बाप झाला तेव्हा त्याच्या मनात काय असेल ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. त्याच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक होत. संसार सुखाचा होता असे म्हणवत नाही. टिळक लहरी होते. मनात आले की घर सोडून निघत, नोकरी धरीत, नोकरी सोडीत, आणि हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे होत. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. लक्ष्मीबाईंनीच आपल्या आठवणींत ते मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. मात्र ह्याच लहरी नवऱ्याने बायकोस अक्षरओळख करून दिली, आणि पुढच्या विपत्तीत तीच ओळख दोघांच्या उपयोगी पडली. ह्या घराने अपत्यवियोगही सोसला होता. अशा स्थितीत १८९१ साली दत्तात्रेय जन्मास आला. सगळे त्यास दत्तू म्हणत.

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांस नवा करार दिला. ही गोष्ट आमच्या वाचकांनी अनेक वेळा ऐकली आहे, म्हणून ती लांबवीत नाही. टिळक वाचीत गेले, शंका काढीत गेले, मिशनरी लोकांशी पत्रव्यवहार करीत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्या देशी पाळकाच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती व तसाच तो झाला. पत्नी व मुलगा त्या वेळी जवळ नव्हते. दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा होता.

पुढे काय झाले ते समजण्यास त्या काळची रीत ध्यानात घेतली पाहिजे. ब्राह्मणाच्या घरचा मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे जातीच्या हिशेबी तो मेल्यासारखाच. त्याच्या हातचे पाणी चालत नसे, त्याच्या पंक्तीस बसता येत नसे, त्याचा स्पर्श झाला तर स्नान करावे लागे. पत्नीने त्याच्याकडे जावे तर तिलाही जात नाही, माहेर नाही, मेल्यावर खांदा द्यावयास भाऊबंद नाही. न जावे तर नवरा जिवंत असून ती नवऱ्यावाचून. लक्ष्मीबाईंनी न जाण्याचे ठरवले. ह्यात त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांच्या वडिलांच्या घरी सोवळ्याओवळ्याचे वेड पराकोटीस गेले होते; त्या घरात वाढलेल्या स्त्रीस नवऱ्याचे हे करणे म्हणजे आकाश कोसळण्यासारखेच होते. त्यांच्या नातलगांनी त्यांस व दत्तूस सांभाळले. काही दिवस नाशकाच्या बाजूस आणि पुढे बहिणीच्या घरी पंढरपुरास, असे मायलेकांचे दिवस गेले. नातलगांनी अन्न दिले, छत्र दिले, हेही आम्ही येथे नमूद करतो. कित्येक वेळा आमच्याकडील लिहिणारे विरोधकांस काळ्या रंगानेच रंगवतात, ते बरे नव्हे.

इकडे टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आले. डॉक्टर रॉबर्ट ह्यूम हे तेथील ईश्वरविज्ञान पाठशाळेचे चालक होते. तेथे टिळक शिकवू लागले. नगरापासून पंढरपूर काही फार दूर नाही. परंतु त्या वेळी पंढरपुरास आगगाडी नव्हती. नगराहून दौंड, दौंडाहून बार्शी रोड, म्हणजे ज्यास पुढे कुर्डुवाडी म्हणू लागले ते ठाणे, आणि तेथून पुढे दहा-पंधरा कोस बैलगाडी किंवा टांगा. पंढरपुरापर्यंत रूळ गेले ते १९०६ साली. वाट एवढीच होती. पण बापास अडवणारी वाट ती नव्हती. तो दाराशी जाऊन उभा राहिला असता तर त्याच्यामागे सारे घर धुवून काढावे लागले असते, आणि मुलास जवळ घेतले असते तर मुलास आंघोळ घातल्यावाचून आईस त्यास पोटाशी धरता आले नसते.

येथे कायद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण टिळकांनी काय केले ह्यापेक्षा त्यांनी काय केले नाही हेच आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या पुरुषाच्या बाजूस कायदा बळकट होता. धर्म बदलला म्हणून कोणाचा हक्क बुडू नये असा कायदा १८५० साली झाला होता. हिंदू बाप ख्रिस्ती झाला तरी मुलांवरील त्याचा पालकाचा हक्क जात नाही असा निवाडा कलकत्त्याच्या हायकोर्टाने १८६६ साली दिला होता. त्याच साली असाही एक कायदा झाला की, धर्मांतरामुळे पत्नीने सहा महिने नवऱ्यास टाकले तर त्याने कोर्टाकडे जावे. न्यायाधीशाने पत्नीस विचारावे, एक वर्ष थांबावे, पुन्हा विचारावे, आणि तरीही ती नाकारील तर विवाह मोडून दोघांस पुन्हा लग्नाची मोकळीक द्यावी. ह्या कायद्याचा आधार घेऊन अनेक नवख्रिस्ती तरुणांनी नवा संसार मांडला. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. पंचविशीतल्या मनुष्याने जन्मभर एकटे राहावे असे म्हणणे सोपे असते, करणे सोपे नसते.

टिळक ह्या वेळी चौतीस वर्षांचे होते. त्यांस पत्नी सोडता आली असती आणि मुलगा मागता आला असता. ते दोन्ही वाटांनी गेले नाहीत.

का गेले नाहीत? आमच्या मते ह्याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात सापडते. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयी धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी नेस्बिट साहेबांच्या घरी राहावयास आला. बापाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. बाप जिंकला खरा, परंतु मुलगा घरी येताच नवा तंटा उभा राहिला. तो ख्रिस्ती लोकांत राहिला, तेथे जेवला. आता त्यास जातीत घ्यावे की न घ्यावे? बाळशास्त्री जांभेकर ह्यांच्यासारख्या विद्वानांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे असा पक्ष धरला. पुष्कळ शास्त्रीमंडळी विरुद्ध गेली. शहरात दोन तट पडले. कोर्टाने मुलाचा देह परत दिला, परंतु घर परत देणे कोर्टाच्या हाती नव्हते.

दत्तूच्या बाबतीत बाजू उलट होत्या, एवढाच काय तो फरक. येथे बाप ख्रिस्ती आणि आई जातीत. बेलिफ पाठवून टिळकांनी दत्तू नगरास आणवला असता तर एक रात्र त्या घरी जेवल्यावर तो आईस कायमचा पारखा झाला असता. चार-पाच वर्षांच्या पोरास एका हाताने बाप देऊन दुसऱ्या हाताने आई काढून घेणे, हा त्या निकालाचा अर्थ झाला असता. आणि ज्या मनुष्याची आई अकराव्या वर्षी गेली होती त्यास आईवाचून वाढणे म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते. मुलगा येईल तर आईचे बोट धरून येईल, नाहीतर येणार नाही, हे त्यांनी जाणले असे त्यांच्या वर्तनावरून आम्हांस दिसते.

तेव्हा त्यांनी पत्रे लिहिली. बायकोस कधीकाळी शिकवलेले अक्षर आता कामास आले. कधी गद्य, कधी कविता, असा हा पत्रव्यवहार चालला. लक्ष्मीबाईही ह्याच काळात दुःखाच्या भरात कविता करू लागल्या. महाराष्ट्रास ही कवयित्री ह्या ताटातुटीने दिली म्हटले तरी चालेल. टपालवाला हाच काय तो दुवा. त्यात १८९६ साली मुंबईस प्लेग आला आणि हळूहळू सगळ्या इलाख्यात पसरला. ज्यांचे माणूस परगावी असे त्यांस पत्र चार दिवस उशिरा आले तरी जिवात जीव नसे.

वर्षे जात होती आणि मुलगा वाढत होता. अशा बापाचे दुःख दुहेरी असते, हे आमच्या मंडळ्यांतील कित्येकांस स्वानुभवाने ठाऊक आहे. मूल जवळ नाही हे एक. आणि आपल्या मनात जे मूल आहे ते तीन वर्षांचेच राहते, खरे मूल मात्र तिकडे पाचाचे, साताचे होते, त्याचे दुधाचे दात पडतात, ते अक्षरे गिरवते, आणि ह्यातले काही आपण पाहत नाही, हे दुसरे. शिवाय ब्राह्मणाच्या मुलाची मुंज आठव्या वर्षाच्या सुमारास करण्याची रीत. तीत मंत्र सांगावयाचा तो बापाने. बाप हयात असून बाटलेला. मग त्या पाटावर बसावे कोणी? हा प्रश्न अशा प्रत्येक घरासमोर येत असे, आणि उत्तर कोणतेही दिले तरी ते मुलाच्या मनावर कोरले जाई.

बायको-मुलास परत मिळवू पाहणाऱ्या कित्येक बंधूंस आम्ही पाहिले आहे की, ते पहिल्याच पत्रात वाद मांडतात, मूर्तिपूजा खोटी कशी हे सिद्ध करतात, आणि उत्तर आले नाही म्हणजे रागावतात. आमच्या उपदेशक बंधूंचा सल्लाही कधी कधी असाच असतो. टिळक वादात कोणास हार जाणारे नव्हते. जिभेचे व लेखणीचे असे तेज फार थोड्यांस लाभते. परंतु त्यांनी पत्नीपुढे ठेवलेली अट पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. अट कोणतीच नव्हती. त्यांनी तिला धर्म सोडावयास सांगितले नाही. येऊन राहावे, सोवळे पाळावे, पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. घर मात्र एक असावे. जो मनुष्य पूर्वी आपल्याच लहरीने वागत असे तो आता बायकोच्या सोवळ्याची सोय लावू लागला, ह्याहून मोठा पालट कोणता हे आम्हांस सांगता येत नाही.

१८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई दत्तूस घेऊन टिळकांकडे राहावयास आल्या. माहेरच्या माणसांची नाराजी, जातीचे भय, लोकांचे बोलणे, हे सगळे ओलांडून त्या आल्या, हे विसरू नये. टिळक थांबले हे खरे. पण अंतर चालून आल्या त्या लक्ष्मीबाई. दत्तू आठ वर्षांच्या घरात होता. ज्या बापाची त्यास धड आठवणही नसेल त्याच्यासमोर तो उभा होता, आणि बापासमोर ओळखीचे नाव धारण केलेला एक अनोळखी मुलगा. पुढचे काम पत्रांनी होणारे नव्हते. ते रोजच्या सहवासानेच होणार होते.

नगरास व पुढे राहुरीस हा चमत्कारिक संसार सुरू झाला. राहुरी हे नगराच्या उत्तरेस, दौंड-मनमाड रस्त्यावरील ठाणे. तेथे डॉक्टर बॅलेंटाइन ह्यांचे मिशनचे काम होते. एकाच घरात नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. वादविवाद होत, रुसवे होत, कधी हसूही येई. लक्ष्मीबाईंनी ते सारे अशा विनोदाने सांगितले आहे की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत हसता हसता पाणी यावे. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. दोन चुलींचे ते घर कोणास विचित्र वाटो. परंतु त्यात मुलास आई होती आणि बापही होता, आणि एकाकडे गेल्याबद्दल दुसऱ्याची समजूत घालण्याची त्यावर पाळी नव्हती.

मग लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला की जात कोणी केली. कोणी पुस्तक पुढे टाकले म्हणून नव्हे, तर त्यांनी स्वतःच विचार करून असे ठरवले की हा भेद मनुष्याने केला, देवाने नव्हे. एकदा हे पटल्यावर त्या मागे फिरल्या नाहीत. सोवळे सुटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन चुलींची एक चूल झाली.

ते साल दुष्काळाचे होते. खेड्यापाड्यांतून आईबाप गेलेली मुले मिशनच्या आश्रयास येत होती. ज्या बापाने आपल्या मुलाची इतकी वाट पाहिली त्यास परक्याची मुले परकी वाटेनात. टिळकांच्या घरी पोरक्या मुलांचा राबता सुरू झाला आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचे सर्व केले. पुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक मुलगा घरी आला आणि मुलासारखा राहिला; त्यास महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांस फुलांमुलांचे कवी म्हणतात. पुष्कळांस ते नाव गोड व हलके वाटते. आम्हांस मात्र त्यांची मुलांवरील कविता वाचताना पंढरपुरात असलेला दत्तू आठवतो.

टिळकांचे पुढील आयुष्य सर्वश्रुत आहे. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. भजनकीर्तनाच्या देशी मार्गाने प्रभूचे नाव गावे ह्यासाठी त्यांनी किती खटपट केली, आणि १९१७ साली सातारा येथे ख्रिस्ती व इतर ह्या दोघांसाठी देवाचा दरबार कसा उभारला, ह्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. लहरीपणा शेवटपर्यंत गेला नाही, असेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

दत्तू मोठा होऊन देवदत्त नारायण टिळक ह्या नावाने लेखक व संपादक झाला. पंडिता रमाबाईंचे मोठे चरित्र त्यांनी लिहिले. वडिलांचे चरित्र लिहावे असे त्यांच्या मनात आले, आणि त्यासाठी त्यांनी आईस आठवणी लिहून देण्यास सांगितले. त्या आठवणी म्हणजेच १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’. मराठी भाषेत त्या तोडीचे आत्मचरित्र क्वचितच सापडेल, आणि वर आम्ही जे सांगितले त्यातील पुष्कळ भाग त्यावाचून कोणास कळलाच नसता.

टिळक गेले तेव्हा एक काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध लिहावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते. सुमारे अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. लक्ष्मीबाईंनी ती उचलली व चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही देवाघरी गेल्या. १९३८ साली ग्रंथ छापून निघाला, त्यातील शेवटचा अध्याय दत्तूचा आहे.